रात्री मी पाणी प्यायला उठले तर? : घरासाठी पिस्तूल घेतानाचा एका वर्षाचा अनुभव

आधीच सांगते, मला बंदुकांची हौस वगैरे कधीच नव्हती आणि आजही नाहीये. आमचं घर वस्तीपासून थोडं बाजूला आहे, नवऱ्याची नोकरी फिरतीची, त्यामुळे महिन्यातले दहा-बारा दिवस घरात मी, सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा एवढेच असतो. गेल्या वर्षी एका रात्री मागच्या दाराशी खडखड ऐकू आली, मी दिवे लावले तसा जो कोण होता तो पळाला, पण सकाळी बघतो तर कडीचे दोन स्क्रू अर्धे बाहेर आलेले. मी रात्री फोन केला होता, पोलिस आले ते चाळीस मिनिटांनी. त्यांना दोष देत नाहीये, अंतरच तेवढं आहे, पण ती चाळीस मिनिटं मी हातात लाटणं घेऊन बसले होते आणि सासूबाई मला विचारत होत्या की अगं याने होणार काय.

तर तिथून सुरुवात झाली. नवरा परत आला आणि म्हणाला, आपण बंदूक घेऊ. मी म्हटलं आधी कडी नीट करू. दोन्ही झालं, पण आधी कडी झाली हे चांगलं झालं, का ते पुढे कळेल.

घ्यायची की नाही यावर आमचं महिनाभर चाललं होतं. मला वाचायची सवय, त्यामुळे मी शोधत शोधत 1993 सालच्या त्या गाजलेल्या अभ्यासापर्यंत पोचले, आर्थर केलरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला. त्यात असं होतं की घरात बंदूक असलेल्या घरांत कुणाचा तरी खून होण्याचा धोका 2.7 पट जास्त दिसला, आणि बहुतेक वेळा मारणारा घरातला नाहीतर ओळखीचा. मी ते जेवताना वाचून दाखवलं. नवऱ्याचं म्हणणं, ज्यांना आधीच धोका असतो तेच लोक बंदूक घेतात, मग आकडा वर जाणारच, पावसात छत्र्या जास्त दिसतात म्हणून छत्रीमुळे पाऊस पडतो का. हा आक्षेप त्या अभ्यासावर खरंच घेतला गेलाय, त्याने काही नवीन शोध लावला नव्हता. पण आत्महत्येचा मुद्दा त्यालाही खोडता येईना. माणूस खचलेला असताना हाताशी बंदूक असणं हे फार वाईट, कारण तो क्षण टळला तर बरेच जण परत त्या वाटेला जात नाहीत आणि बंदूक तो क्षण टळू देत नाही. मग आम्ही एक गोष्ट ठरवली आणि चक्क कागदावर लिहिली: घरात कुणाचंही मन थाऱ्यावर नसेल, कारण काहीही असो, तर पिस्तूल त्याच दिवशी घराबाहेर जाईल आणि यावर वाद घालायचा नाही. सासूबाईंनी पण सही केली. लायसन्स, तपासणी, कागदपत्रं यावर मी काही लिहीत नाही, ते प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं आणि सगळीकडे सारखंच कंटाळवाणं असतं.

आता निवड. इथे आमच्याकडे सगळ्यात जास्त गोंधळ झाला.

नवऱ्याच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून बारा बोअर, म्हणजे लांब नळीची, छर्रे उडवणारी शॉटगन. त्याचं म्हणणं असं की शॉटगनला नेम लागत नाही, दिशा दाखवली की झालं, छर्रे पसरतात. दुकानातल्या माणसानेही मान डोलावली. सुदैवाने आम्ही विकत घेण्याआधी नेमबाजीच्या रेंजवर शिकायला नाव घातलं होतं आणि तिथले सर निवृत्त फौजी, त्यांनी काही न बोलता पाच मीटरवर कोरा कागद लावला आणि नवऱ्याला म्हणाले, मारा. डबल-ओ बक म्हणतात त्या काडतुसात साधारण नऊ मोठे छर्रे असतात, प्रत्येक जवळजवळ साडेआठ मिलिमीटरचा. कागदावर जे भोक पडलं ते माझ्या तळहाताने झाकलं गेलं, झाकून वर जागा उरली. खोलीच्या अंतरावर ते एवढंच पसरतं, नेम धरावाच लागतो. नवरा बराच वेळ त्या कागदाकडे बघत होता. (तो कागद त्याने घरी आणलाय.)

बारा बोअर हे नाव कुठून आलं तेही तिथेच कळलं, मला ते फार आवडलं म्हणून सांगते. एक पाउंड शिशाच्या सारख्या आकाराच्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बरोब्बर बसेल ती बारा बोअर, म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर. म्हणून वीस बोअरची नळी बारापेक्षा लहान असते, आकडा मोठा आणि भोक लहान, मला आधी हे उलटंच वाटायचं.

मग माझी पाळी. ती बंदूक सरासरी पुरुषाच्या हाताच्या मापाने बनवलेली, दस्ता लांब, मी खांद्याला लावली तर गाल जिथे टेकायला पाहिजे तिथे टेकेचना, आणि मग मी कंबरेतून मागे झुकले, जे करायचं नसतं. एक गोळी झाडली, दोन पावलं मागे गेले, दुसऱ्या दिवशी खांद्यावर जांभळा डाग. आणि ती पंप ॲक्शन होती, म्हणजे प्रत्येक वेळी पुढचा दस्ता पूर्ण मागे आणि पूर्ण पुढे करायचा, मी धसक्याने अर्धवटच केलं आणि रिकामं काडतूस आत अडकलं. सर म्हणाले, मॅडम, लहान दस्ता बसवता येतो, वीस बोअर घेता येते, बायका उत्तम चालवतात, पण तुमच्या घरातली बोळ किती रुंद आहे? मी मोजून आले होते, नव्वद सेंटिमीटर. लांब नळी घेऊन त्यात वळायचं, एका हाताने दार उघडायचं, दुसऱ्या हातात मुलाचा हात. ती कल्पना तिथेच संपली.

एक गोष्ट मात्र सगळ्याच बंदुकांना लागू आणि ती आमच्या घरासाठी फार मोठी होती. भिंत. आमच्या आतल्या भिंती विटेच्या नाहीत, जिप्समच्या बोर्डाच्या आहेत, आणि सरांनी सरळ सांगितलं की चोराला थांबवेल अशी कुठलीही गोळी बोर्डाच्या भिंतीतून पलीकडे जाणारच, एका नाही दोन-तीन भिंतींतून. पक्ष्यांचे बारीक छर्रे कमी जातात पण मग ते माणसालाही थांबवायची खात्री नाही. म्हणजे नेम चुकला तर गोळी भिंतीत अडकेल हे डोक्यातून काढून टाका, ती पलीकडच्या खोलीत जाईल. पलीकडच्या खोलीत कोण झोपतं? आमच्याकडे पलीकडच्या खोलीत सासूबाई झोपतात.

मग रिव्हॉल्व्हर. दिसायला सोपं, अडकायची भानगड कमी, कपाटात वर्षभर पडलं तरी स्प्रिंगवर ताण नाही. पण घोडा आधी न ओढता नुसता चाप दाबायचा तर त्याला चार-पाच किलोचा जोर लागतो, आणि जोर लावताना माझं अख्खं मनगट हलायचं. नवऱ्याला जमलं. मला दहापैकी चार कागदावर, तेही कागदाच्या कोपऱ्यात.

त्यानंतर मी जी चूक केली ती बहुतेक बायका करतात किंवा त्यांच्याकडून करवून घेतली जाते: छोटं पिस्तूल. लहान हात, लहान पिस्तूल, ऐकायला किती बरोबर. हातात घेतलं तर पर्समध्ये मावेल एवढं, गोंडस. झाडलं आणि कळलं की वजन जितकं कमी तितका झटका जास्त, तीच गोळी आणि तोच स्फोट, फक्त तो झेलायला लोखंड कमी. करंगळीला धरायला जागाच नव्हती, प्रत्येक गोळीनंतर पकड सुटायची. शिवाय छोट्या पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे गोळी आत भरायला मागे ओढायचा वरचा सरकता भाग, ओढायला उलट जास्त कडक असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ज्या गोष्टी खिशात लपवायच्या असतात त्यांच्यासाठी लहान आकार ठीक, आमचं पिस्तूल तर घराबाहेर जाणारच नव्हतं, मग लहान कशाला.

शेवटी आलो ते मधल्या आकाराच्या नऊ मिलिमीटरवर, जिथे बरेच लोक येतात, आणि मला याचं थोडं वाईटही वाटलं, एवढं फिरून तेच. ही नऊ बाय एकोणीसची गोळी 1902 साली गेओर्ग लुगर यांनी बनवलेली, म्हणजे सव्वाशे वर्षं होत आली, आणि अजून जगभर पोलिस आणि सैन्य तीच वापरतात. झटका सोसण्यासारखा, सरावाच्या गोळ्या आम्हाला सहज मिळाल्या. आम्ही दोघांनी सहा वेगवेगळी पिस्तुलं भाड्याने घेऊन झाडली आणि निवडायची अट एकच ठेवली, घरातल्या सगळ्यात कमजोर हाताला जे जमेल ते, म्हणजे माझ्या. माझं बोट चापावर सरळ पोचतं का, मॅगझिनचं, म्हणजे दस्त्यातल्या गोळ्यांच्या डबीचं, बटण पकड न सोडता अंगठ्याने दाबता येतं का, स्लाइड दहा वेळा ओढली तर दहाव्या वेळी दम लागतो का. नवऱ्याला जे सगळ्यात आवडलं होतं ते यात नापास झालं, तो दोन दिवस गप्प होता.

स्लाइडबद्दल एक गोष्ट, कारण मला वाटायचं माझ्यात ताकदच नाही. मी दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढत होते. सरांनी दाखवलं की डाव्या हाताची चारही बोटं आणि तळवा वरून स्लाइडवर घट्ट ठेवायचा, पिस्तूल छातीजवळ आणायचं, नळी समोरच, आणि स्लाइड मागे ओढण्यापेक्षा उजव्या हाताने पिस्तूलच पुढे ढकलायचं. पहिल्या फटक्यात जमलं. तीन आठवडे मी उगीच जिममध्ये जाऊन मनगटाचे व्यायाम करत होते.

आता सराव. पहिले दोन तास तर गोळीच दिली नाही. सुरक्षेचे चार नियम, जे जेफ कूपर यांच्या नावाने ओळखले जातात, अमेरिकेचे मरीन होते ते, ते नियम सरांनी आमच्याकडून पाढ्यासारखे म्हणवून घेतले. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरायचं. जे उद्ध्वस्त करायची तयारी नाही त्यावर नळी जाऊ द्यायची नाही. नेम टार्गेटवर बसेपर्यंत बोट चापाबाहेर. आणि चौथा, टार्गेट काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे हे माहीत असल्याशिवाय नाही. मी पहिल्याच दिवशी दुसरा मोडला, वळून नवऱ्याला काहीतरी विचारायला गेले आणि नळी पण माझ्याबरोबर वळली, रिकामं होतं पण सरांनी माझं मनगट पकडून असं काही खाली दाबलं की अजून आठवतं. ओरडले नाहीत. बाहेर बसा म्हणाले, दहा मिनिटं.

कानाचं सांगायलाच पाहिजे. 140 डेसिबलच्या वरचा अचानक आवाज एका फटक्यात कान कायमचा खराब करू शकतो आणि पिस्तूल 150 च्या वर, साधारण 160 च्या आसपास जातं. आम्ही आत फोमचे बोळे आणि वर इअरमफ, दोन्ही घालतो. आणि बंद खोलीत हे झाडलं तर काय होईल हा विचार तेव्हा पहिल्यांदा आला. सर म्हणाले, पहिल्या गोळीनंतर तुम्हाला मुलाची हाक ऐकू येणार नाही असं धरून चाला. दुसरं शिसं. रेंजवरच्या धुरात आणि हातावर शिसं असतं, बहुतेक काडतुसांच्या टोपीतल्या दारूतही शिशाचं संयुग असतं, म्हणून तिथे काही खायचं-प्यायचं नाही, बाहेर पडल्यावर हात तोंड गार पाण्याने साबण लावून धुवायचे आणि घरी आलं की कपडे वेगळे. मुलाला मिठी मारायची ती नंतर.

माझ्या गोळ्या महिनाभर खाली डावीकडे जात होत्या. सगळ्या. मला वाटलं पिस्तुलाची साइट, म्हणजे नळीवरची नेम धरायची खूण, वाकडी आहे, सरांनी तेच पिस्तूल घेऊन मधोमध पाच मारल्या, विषय संपला. मग त्यांनी माझ्या नकळत मॅगझिनमध्ये खऱ्या गोळ्यांच्या मधे दोन-तीन खोट्या गोळ्या घातल्या. मी चाप दाबला, आवाज आलाच नाही, आणि तरी पिस्तुलाने पुढे असं डोकं टाकलं जसं गाडीत डुलकी घेणारा माणूस टाकतो. म्हणजे गोळी सुटायच्या आधीच मी झटक्याला घाबरून हात खाली दाबत होते. हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही, लाज वाटली पण त्या दिवसापासून सुधारणा सुरू झाली. दुसरी भानगड डोळ्याची. मी उजव्या हाताची पण माझा डावा डोळा प्रबळ निघाला. लांबवर एखादी वस्तू बघून दोन्ही हातांच्या मधे छोटी खिडकी करून त्यातून बघायचं आणि एकेक डोळा मिटायचा, ज्या डोळ्याने वस्तू खिडकीत राहते तो प्रबळ. मग मान किंचित वळवून डाव्या डोळ्यापुढे पिस्तूल आणायला शिकले. नजर पुढच्या साइटवर, ती स्पष्ट आणि टार्गेट धूसर, हे ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे.

नवऱ्याचं एक सांगते, त्याला आवडणार नाही. त्याची पकड सैल, हिरोसारखं एका हाताने वगैरे, त्यामुळे रिकामी पुंगळी बाहेर पडताना स्लाइडमध्ये उभी अडकायची, दर मॅगझिनला एकदा. मनगट ढिलं असलं की पिस्तुलाला मागे जायला टेकू मिळत नाही आणि त्याचं चक्र पूर्ण होत नाही. तो पिस्तुलाला शिव्या घालायचा. मी त्याच पिस्तुलाने न अडकता पन्नास मारल्या त्या दिवशी तो शांतपणे दोन हातांनी धरायला लागला. गोळी सुटलीच नाही तर नळी समोर ठेवून तीस सेकंद थांबायचं, उशिरा सुटू शकते, हे पण शिकलो. आणि नेहमीपेक्षा फुसका आवाज आला तर तिथेच थांबायचं कारण गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि मागून दुसरी झाडली तर नळी फुटेल. आमच्या शेजारच्या लेनवर एकदा असं झालं, त्या माणसाने थांबून हात वर केला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण खरा सराव घरी झाला, गोळीशिवाय. रोज दहा मिनिटं, गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात, चेंबर, म्हणजे नळीच्या मागची गोळी बसायची जागा, दोनदा डोळ्यांनी आणि एकदा बोटाने तपासायचं, बाहेरच्या विटेच्या भिंतीकडे तोंड, पुढच्या साइटवर एक नाणं ठेवायचं आणि नाणं न पाडता चाप दाबायचा. प्रचंड कंटाळवाणं. चार महिन्यांत मी रेंजवर जेवढं शिकले त्यापेक्षा जास्त या नाण्याने शिकवलं. एक नियम मी माझा घातला, सराव संपला की मोठ्याने म्हणायचं "सराव संपला" आणि त्यानंतर अजून एकदाच असं करायचं नाही, कारण बहुतेक अपघात त्या अजून एकदात होतात असं मला वाटतं.

आता सासूबाई. पिस्तूल घरी आलं त्या रात्री आम्ही दोघं फार गंभीर चेहऱ्याने त्यांना सगळं समजावत होतो, कुठे असेल, कसं असेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते सगळं ठीक आहे गं, पण रात्री मी पाणी प्यायला उठले तर?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. चौथा नियम पाढ्यासारखा पाठ होता आणि आईंचा प्रश्न म्हणजे तोच नियम होता, फक्त त्याला गुडघेदुखी आणि हातात तांब्या होता. त्या रात्रीनंतर सगळा बेत बदलला. आधी आमचा बेत होता की आवाज आला की पिस्तूल घेऊन बघायला जायचं. आता बघायला जायचंच नाही. पहिलं काम हाक मारायची, मोठ्याने, नावाने, आई तुम्ही आहात का. दुसरं काम दिवा. पिस्तुलाला खाली चिकटवायचे टॉर्च मिळतात, नवऱ्याला तो हवा होता, पण तो टॉर्च ज्यावर टाकू त्यावर नळी पण जाते, म्हणजे कोण आहे हे बघण्यासाठीच आईंवर नेम धरायचा. आम्ही हातात धरायचा वेगळा टॉर्च घेतला, आणि बोळीत आणि जिन्यावर हालचाल झाली की लागणारे दिवे बसवले. ते दिवे म्हणजे आमच्या सगळ्या खर्चातली सगळ्यात उपयोगी वस्तू, आईंना रात्री दिसतं आणि बाहेरच्याला आपण दिसतोय हे कळतं.

मग मी सेकंद मोजायला लागले, आणि तिथे मला या सगळ्या प्रकरणाचा खरा हिशोब कळला. 1983 साली डेनिस ट्युलर नावाच्या अमेरिकेतल्या एका पोलिस प्रशिक्षकाने मांडलं होतं की हातात चाकू असलेला धडधाकट माणूस 21 फूट, म्हणजे साडेसहा मीटरला थोडं कमी अंतर, साधारण दीड सेकंदात कापतो. आमची बोळ सात मीटर. मुलाने पळून दाखवलं, तोही दोन सेकंदांच्या थोडा वर. आता माझी वेळ: झोपेतून उठून, अंधारात, तिजोरीचा कोड दाबून, दार उघडून, पिस्तूल हातात नीट पकडून. पहिल्यांदा एकवीस सेकंद. महिनाभर सराव करून नऊ. सगळ्यात भारी वेळ सहा. दीड सेकंदाशी याची बरोबरी कधीच होणार नाही, मी कितीही सराव केला तरी. म्हणजे ते सेकंद पिस्तूल देत नाही, दार देतं. म्हणून झोपायच्या खोलीला भरीव दार, चौकटीत खोलवर जाणारे लांब स्क्रू, आतून दोन कड्या. आठवतंय ना, मागच्या दाराचे स्क्रू अर्धे बाहेर आले होते, ते मुळात बोटाच्या पेराएवढेच होते. सुतार दोन तासांत करून गेला.

तिजोरीबद्दल थोडं. पहिली घेतली ती बोटाच्या ठशाची, आणि ओल्या हाताने उघडेना, क्रीम लावलेल्या हाताने पण उघडेना, घाबरलेल्या घामट हाताने तर अजिबात नाही. परत केली. आता आहे ती बटणांची, अंधारात बोटांनी चाचपून दाबता येते, आणि भिंतीला बोल्टने पक्की, नाहीतर चोर तिजोरीच उचलून नेईल. आणि कुणी म्हणेल की मुलाला माहीतच नाही कुठे आहे, तर माझ्या मुलाला दिवाळीच्या आधी फटाके कुठे लपवलेत ते दरवर्षी सापडतं, वाढदिवसाची भेट सापडते, मी माझ्यापासून लपवलेलं चॉकलेटसुद्धा त्याला सापडतं. लपवणं हे कुलूप नाही. त्याला आम्ही एकदा सगळं दाखवलं, रिकामं, त्याचे प्रश्न संपेपर्यंत, आणि सांगितलं की कुठेही, मित्राच्या घरी पण, असं काही दिसलं तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. तो म्हणाला मित्र हसला तर? मी म्हटलं हसू दे, तू निघ.

मग महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री आमची रंगीत तालीम, पिस्तूल तिजोरीतच, हातात फक्त टॉर्च आणि फोन. बेत असा होता की आवाज आला की सगळ्यांनी आमच्या खोलीत यायचं, दार बंद, फोन लावायचा, पलंगाच्या पलीकडे जमिनीवर, आणि मी दाराकडे तोंड करून. पहिल्या तालमीत मुलगा अकरा सेकंदांत आला. आईंना चाळीस लागले. गुडघा, चष्मा, चप्पल, आणि मधे देवघराचा दिवा नीट आहे का ते बघायला थांबल्या. दुसऱ्या तालमीत सदतीस. तिसऱ्यात बत्तीस पण धापा टाकत. आणि ते बत्तीस सेकंद त्या बोळीत, म्हणजे नेमक्या जिथे कुणी नको तिथेच.

नवरा म्हणाला आईंनी थोडा वेग वाढवला तर. मी त्याच्याकडे बघितलं, तो गप्प झाला. मग मीच म्हटलं, उलटं करू. आईंनी यायचंच नाही, आम्ही त्यांच्याकडे जायचं. त्यांची खोली बोळीच्या टोकाला, बाहेरची भिंत विटेची, खिडकीला गज. मुलाची खोली वाटेतच. मी निघते, मुलाला उचलते, आईंच्या खोलीत, दार बंद, चौदा सेकंद. भरीव दार परत सुताराकडून तिकडे हलवून घेतलं, तो म्हणाला बाई तुमचं नक्की ठरलंय ना. बोर्डाच्या भिंतीचा प्रश्न पण सुटला, कारण आता मी ज्या दिशेला तोंड करून बसणार तिकडे घरातलं कुणीच नसतं, फक्त रिकामी बोळ आणि तिच्या टोकाला बाहेरची विटेची भिंत.

त्यामुळे तिजोरी पण तिकडेच गेली. गेल्या आठवड्यात आईंच्या कपाटात, साड्यांच्या मागच्या भिंतीला बोल्ट मारले. मी त्यांना म्हटलं, आई, कोड तुम्हालाही सांगून ठेवते. त्या साड्या परत रचत होत्या, मागे न बघता म्हणाल्या, "मला नको सांगूस, मी विसरते आणि मग कागदावर लिहून देवघरात ठेवते, आणि तुझा मुलगा रोज प्रसाद शोधायला तिथेच येतो."